पुसेगावची सात चिन्हे: संगणक अद्ययावत होत गेले, जुन्या मराठी मजकुराचे काय झाले?

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात पुसेगाव नावाचे गाव आहे. (सातारा जिल्ह्यातील, सेवागिरी महाराजांच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेले पुसेगाव निराळे.) या गावाचे नाव १९९०च्या दशकात एखाद्या डीटीपी केंद्रात 'कृती देव' या टंकात अक्षरजुळणी करून ठेवले असेल आणि ती फाइल आज तो टंक नसलेल्या संगणकावर उघडली, तर पडद्यावर सात रोमन अक्षरे दिसतात: आय, क्यू, एल, एस, एक्स, के, ओ.

फाइल खराब झालेली नसते. विषाणू शिरलेला नसतो. संगणकाच्या दृष्टीने त्या फाइलमध्ये पहिल्या दिवसापासून हीच सात रोमन अक्षरे होती. 'आय'च्या जागी 'प'चे चित्र आणि 'क्यू'च्या जागी उकाराचे चित्र दाखवण्याचे काम टंक करीत होता. टंक गेला आणि त्याच्याबरोबर पुसेगावही गेले.

राजे आणि लढाया यांच्या पलीकडेही इतिहासाची साधने असतात. दफ्तर, दस्तऐवज, नोंदवह्या ही त्यांपैकी होत. हा धागा अशाच एका दफ्तराविषयी आहे. ते कागदाचे नाही आणि त्याला वाळवी लागत नाही. तरीही ते पंचवीस वर्षांत अवाच्य होऊ शकते.

आधी थोडे कागदाविषयी. पुसेगावचा परिसर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानच्या वरिष्ठ कारभाराची भाषा प्रथम फारसी होती आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दू झाली. गावपातळीवरचे मराठी लिखाण बव्हंशी मोडीत चाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. एकाच शिवाराची कागदपत्रे अशा प्रकारे तीन लिप्यांत आणि दोन जिल्ह्यांच्या नावांनी सापडू शकतात.

ही केवळ अभ्यासकांची हौस नव्हे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यातील निजामकालीन नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचू शकणाऱ्या माणसांची एकाएकी निकड भासू लागली. लोकांच्या जातप्रमाणपत्रांचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच्या एका ओळीवर येऊन ठेपला होता.

मात्र त्या ओळी वाचता आल्या. मोडी शिकलेला एक माणूस आणि एक भिंग एवढी सामग्री त्यासाठी पुरेशी होती. संगणकीय नोंद वाचण्यासाठी माणसाआधी एक यंत्रणा लागते. तो टंक, ती आज्ञावली आणि त्या दोहोंना ओळखणारी कार्यप्रणाली हे सारे एकत्र असावे लागते. यांपैकी एकाची नवी आवृत्ती आली की प्रश्न उभा राहतो: जुने लिखाण नव्याला वाचता येईल का? संगणकशास्त्रात या गुणाला पूर्वसुसंगतता म्हणतात. नव्याने जुन्याची ओळख ठेवणे, असा त्याचा साधा अर्थ.

मराठीपुरता हा प्रश्न पहिल्यांदा फार चातुर्याने सोडवला गेला. त्या प्रयत्नाचे नाव होते 'जिस्ट'.

या तंत्राचे मूळ काम आयआयटी कानपूरमध्ये झाले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते तेथे आले. मोहन तांबे हे त्यामागचे प्रमुख नाव. तेव्हाचे संगणक 'डॉस' या कार्यप्रणालीवर चालत. डॉसला देवनागरी ठाऊक नव्हती, वर्डस्टार आणि डीबेस यांसारख्या लोकप्रिय आज्ञावल्यांनाही नव्हती. देवनागरीसाठी त्या सर्व नव्याने लिहवून घ्याव्यात, अशी ताकद त्या काळी भारतात कोणाचीच नव्हती.

जिस्टने आज्ञावल्यांना हात लावला नाही. संगणकात एक कार्ड बसवायचे. पडद्याकडे जाणारा मजकूर ते वाटेतच घेई आणि त्यातील भारतीय अक्षरे योग्य त्या आकारात जोडून दाखवी. डीबेसला वाटे आपण नेहमीसारखीच काही चिन्हे साठवतो आहोत. माणसाला मात्र पडद्यावर मराठी दिसे.

हे शक्य झाले ते 'इस्की' या भारतीय संकेतपद्धतीमुळे. संगणकाच्या एका बाइटमध्ये २५६ चिन्हे मावतात. त्यांपैकी पहिली १२८ इंग्रजीच्या आस्की पद्धतीने घेतलेली होती. इस्कीने त्यांना धक्का न लावता उरलेल्या १२८ जागांत भारतीय वर्णमाला बसवली. जुन्या इंग्रजी फाइली त्यामुळे जशाच्या तशा चालू राहिल्या. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये आय. एस. १३१९४ या क्रमांकाने ही पद्धत प्रमाण केली.

इस्कीत आणखी एक मोठा विचार होता. मजकूर दिसण्याच्या क्रमाने नव्हे, उच्चाराच्या क्रमाने साठवायचा. 'हिंगोली' लिहिताना वेलांटी डोळ्यांना 'ह'च्या आधी दिसते. इस्कीत मात्र आधी 'ह', मग वेलांटी, मग अनुस्वार. शिवाय 'क' हा कोणत्याही भारतीय लिपीत 'क'च असल्याने देवनागरी, गुजराती, तेलुगू यांत त्याचा संकेत एकच होता. लिपी बदलणे म्हणजे केवळ वेश बदलणे. मराठवाड्यासारख्या सीमेवरच्या मुलखाला हे गणित कोणी समजावून सांगावे लागत नाही.

एवढी शहाणी व्यवस्था हाताशी असताना सात रोमन अक्षरांचा तो गोंधळ आला कोठून? विंडोज आले. माउस, रंगीत पडदे आणि लेझर प्रिंटर यांसह डीटीपीचा धंदा तालुक्याच्या गावी पोहोचला. तेव्हाच्या विंडोजमध्ये देवनागरीसाठी काहीच नव्हते, आणि बाजाराला थांबायला वेळ नव्हता. मग प्रत्येक कंपनीने आपापला टंक काढला: श्रीलिपी, आकृती, कृती देव, खुद्द सी-डॅकचे डीव्ही मालिकेतील योगेश आणि सुरेख. इंग्रजी टंकाच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवायचे, ही सर्वांची युक्ती एकच होती. कोणते तुकडे कोणत्या घरात, हे मात्र ज्याचे त्याने ठरवले.

कृती देवाने हाताची सवय जपली. त्याची मांडणी रेमिंग्टन टंकलेखन यंत्रासारखी होती. वेलांटी आधी दाबायची, मग अक्षर. मराठी टंकलेखनाची तीस शब्दांची परीक्षा दिलेल्या माणसाला नवे काही शिकावे लागले नाही. म्हणजे पूर्वसुसंगतता येथेही होती. ती फाइलीशी नव्हती, बोटांशी होती. सी-डॅकनेही पुढे आपल्या साधनांत प्रमाण इनस्क्रिप्ट कळफलकाबरोबर टंकलेखन यंत्राची मांडणी उपलब्ध ठेवली, कारण ठिकठिकाणच्या कचेऱ्यांत बसलेले लिपिक रातोरात बदलणार नव्हते.

पण अशा फाइलीत शोध घेता येत नाही, अकारविल्हे यादी लावता येत नाही आणि टंक बदलला की मजकुराचा कचरा होतो. लग्नपत्रिकेचे त्यात काही बिघडत नाही. ती छापली की काम संपले. मतदारयादी, शेतजमिनीची नोंद किंवा वर्तमानपत्राचा अंक यांचे काम मात्र छापल्यावर सुरू होते.

वर्तमानपत्रांचे उदाहरण बोलके आहे. इंटरनेटच्या आरंभी भारतीय भाषांतील अनेक संकेतस्थळे वाचकाच्या संगणकावर टंक नसला तरी मजकूर दिसावा म्हणून 'डायनॅमिक फाँट' वापरीत. नेटस्केपच्या चौथ्या आवृत्तीत त्यासाठी एक सोय अंगभूत होती. २००० मध्ये नेटस्केपची सहावी आवृत्ती आली आणि ती सोय काढून टाकण्यात आली. इंग्रजी वाचकाला काही जाणवलेच नाही. ज्या पानांचा मजकूर त्या सोयीवर उभा होता, ती पाने नव्या ब्राउझरमध्ये निरर्थक चिन्हांची झाली.

कार्यप्रणालीसोबत किंवा ब्राउझरसोबत फुकट मिळणाऱ्या साधनाचा हाच स्वभाव असतो. ते कायम असणार असे गृहीत धरून लोक त्यावर आपले काम उभारतात. बनवणाऱ्याच्या लेखी ते एक किरकोळ कलम असते. अलीकडचे उदाहरण ॲपलचे आहे. संगणकासोबत वर्षानुवर्षे येणारी पायथनची २.७ ही आवृत्ती मॅकओएस १२.३ मधून मार्च २०२२ मध्ये काढली गेली आणि तिच्यावर विसंबलेल्या छोट्या छोट्या आज्ञावल्या बंद पडल्या. मराठीच्या वाट्याला हा अनुभव त्याच्या वीसएक वर्षे आधी आला होता.

यावर उत्तर म्हणून युनिकोड आले. पहिली आवृत्ती १९९१ ची. जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र, कायमचा क्रमांक देण्याची ही योजना. देवनागरीचा विभाग रचताना युनिकोडने इस्कीची १९८८ ची आवृत्ती समोर ठेवली; वर्णांचा क्रम तोच ठेवला, उच्चारक्रमाने साठवण्याचे तत्त्वही तेच. इतर भारतीय लिप्यांचे विभागही समांतर आखले. बंगाली 'क' हा देवनागरी 'क'पासून नेमका १२८ घरे पुढे आहे. इस्कीतील जुना मजकूर युनिकोडमध्ये नेणे यामुळे बरेच सोपे झाले. पूर्वसुसंगततेचा हा आदर्श नमुना म्हणावा लागेल.

आणि तरीही मराठीच्या एका अक्षरावर गाडी अडली.

'दर्या' आणि 'दऱ्या' हे शब्द पाहावेत. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरांतल्या. 'आचार्यास' म्हणजे गुरूला, 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक्याला. पहिल्या प्रकारात 'र'चा रफार होतो आणि मागच्या अक्षरावर आघात येतो; दुसऱ्यात आघात येत नाही आणि 'र' पापणीसारख्या आडव्या वळणाने लिहिला जातो. हिंदीला हा भेद लागत नाही. मराठीला तो पदोपदी लागतो: शेतकऱ्याचा, वारकऱ्यांची, कर्मचाऱ्यास, सातबाऱ्यावर. संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नरसी ज्या जिल्ह्यात आहे, तेथे वारकऱ्यांविषयी लिहायचे तर या अक्षरावाचून पान हलत नाही.

हे अक्षर साठवायचे कसे? १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीतील रीत अशी होती: 'र', मग हलन्त, मग एक अदृश्य चिन्ह आणि त्यानंतर 'य'. त्या अदृश्य चिन्हाला शून्य रुंदीचा जोडक म्हणतात. ते कागदावर दिसत नाही. 'येथे रफार करू नका' एवढाच निरोप ते देते.

इस्कीची रीत वेगळी होती. तिच्यात नुक्ता दिलेला 'ऱ' हा वर्ण होता. तो मुळात द्राविडी भाषांतील एक ध्वनी देवनागरीत उतरवण्यासाठी. पण त्याला हलन्त जोडला की पापणीचा 'र' मिळे. युनिकोडच्या तिसऱ्या आवृत्तीने इस्कीशी मेळ घालून हीच रीत मुख्य म्हणून स्वीकारली. ती आवृत्ती १९९९ च्या सप्टेंबरची. हिंगोली जिल्हा होऊन तेव्हा चार महिने झाले होते.

आता दुसऱ्या आवृत्तीप्रमाणे लिहिल्या गेलेल्या मजकुराचे काय करायचे? युनिकोडने एक उपनियम घातला: दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगतता राहावी म्हणून जुन्या रीतीने लिहिलेला 'र'ही पापणीसारखाच दाखवावा. जिल्हा बदलला तरी 'जिल्हा परभणी' असे लिहिलेला जुना खरेदीखताचा कागद रद्द होत नाही, त्याच न्यायाचा हा नियम.

नियम योग्यच होता. जुना मजकूर वाचनीय राहिला. मात्र त्याची किंमत पुढे दिसू लागली, कारण डोळ्यांना एकच दिसणारा शब्द संगणकात दोन प्रकारे राहू लागला. सुरुवातीच्या मराठी ब्लॉगांत आणि संकेतस्थळांवर अदृश्य जोडकाची जुनी रीत मुबलक आढळते; इनस्क्रिप्ट कळफलकावर 'ऱ'ला स्वतःची कळ असल्याने तेथून नवी रीत आली. चिन्हाला चिन्ह ताडून पाहणाऱ्या साध्या शोधाला हे दोन निराळे शब्द वाटतात. एखाद्या कचेरीच्या यादीत 'शेतकऱ्यांचे' हा शब्द शोधावा आणि निम्म्या नोंदी सापडू नयेत, असे घडू शकते. न सापडलेल्या नोंदी तेथेच असतात, डोळ्यांसमोर, शुद्ध मराठीत.

याहून वाईट प्रकार असा की मजकूर एका यंत्रणेतून दुसरीत नेताना काही आज्ञावल्या 'निरुपयोगी' अदृश्य चिन्हे झाडून टाकतात. जोडक गेला की 'र' परत रफार होतो. शेतकऱ्यांचे 'शेतकर्यांचे' होते आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. मराठी संकेतस्थळांवर ही चूक आजही ठायी ठायी दिसते. वाचक ती लिहिणाऱ्याच्या माथी मारतात. पुष्कळदा लिहिणाऱ्याने शुद्धच लिहिलेले असते.

दुसरी कथा 'ॲ'ची आहे. ॲसिड, ॲल्युमिनियम, ॲडव्होकेट असे शब्द मराठीत 'अ'वर चंद्र काढून लिहिले जातात. हिंदीत त्यासाठी 'ए'वर चंद्र देतात आणि युनिकोडमध्ये आरंभापासून तोच होता. मराठी लेखकांनी मग 'अ' आणि चंद्र ही दोन चिन्हे शेजारी ठेवून काम भागवले. २००८ च्या एप्रिलमध्ये आलेल्या ५.१ या आवृत्तीत मराठीच्या 'ॲ'ला अखेर स्वतःचा क्रमांक मिळाला.

या खेपेस जुन्या रीतीला अभय मिळाले नाही. दोन चिन्हांची जोडी आणि नवे एकचिन्ह अक्षर समतुल्य आहेत, असे युनिकोडने मानले नाही. उलट जोडी वापरू नये, असे कोष्टकच दिले. अक्षरे जुळवून दाखवणाऱ्या काही यंत्रणा पुढे आणखी कडक झाल्या. 'अ'नंतर सुटा चंद्र आला की त्या दोहोंमध्ये ठिपक्यांचे एक वर्तुळ काढू लागल्या, जणू लिहिणाऱ्याने चूकच केली. हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या दोन रचनांनी फसवणूक होऊ नये, हा त्यामागचा विचार. विचार रास्त आहे. पण २००५ साली ज्याने 'अ'वर चंद्र दिला, त्याच्यापुढे दुसरा मराठी पर्यायच नव्हता, आणि त्याच्या लिखाणात ते वर्तुळ आता पाहुण्यासारखे येऊन बसते.

'ऱ्'च्या बाबतीत जुने पोसले गेले आणि 'ॲ'च्या बाबतीत ते नाकारले गेले. मलयाळममध्येही २००८ च्या त्याच आवृत्तीत चिल्लू अक्षरांना स्वतंत्र क्रमांक मिळाले, जुनी रीत मागे उरली आणि शोधाचा असाच घोळ झाला.

युनिकोड इतके सावध का असते, याला एक कोरियन कारण आहे. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत कोरियन हंगुल अक्षरांचा अख्खा विभाग एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवला गेला. जुन्या क्रमांकांनी साठवलेला कोरियन मजकूर त्यामुळे निरर्थक ठरला. असे पुन्हा करायचे नाही, असे तेव्हा ठरले. एकदा दिलेला क्रमांक बदलत नाही आणि अक्षर काढले जात नाही. पुढे दिलेली नावेही गोठवण्यात आली. हा नियम इतका कडक आहे की एका कंसाच्या अधिकृत इंग्रजी नावात 'ब्रॅकेट' या शब्दातील दोन अक्षरे उलटसुलट पडली आहेत आणि ती चूक तशीच जपली जाते. मुद्रितशोधकांनी हे वाचून मनाला लावून घेऊ नये.

क्रमांक झाले. पण क्रमांकाचे अक्षर करून दाखवणारी साधने कार्यप्रणालीसोबतच यायला हवीत. ती पहिल्यांदा विंडोज २००० मध्ये आली. तिच्याबरोबर 'मंगल' हा देवनागरी टंक मिळाला. त्याचे आरेखन प्राध्यापक र. कृ. जोशी यांचे. सुलेखन आणि अक्षररचना यांत आयुष्य घालवलेल्या या मराठी माणसाचे २००८ मध्ये निधन झाले. पुढच्या काळात असंख्य मराठी आणि हिंदी सरकारी कागद मंगलमध्ये निघाले. ते आरेखन कोणाचे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

२००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये मराठीची सोय होती, पण ती आपोआप चालू होत नसे. नियंत्रण कक्षात जाऊन 'जटिल लिपी' या पर्यायासमोर खूण करायची, मग संगणक मूळ सीडी मागे. ज्याच्यापाशी सीडी नाही त्याला मराठी नाही. युनिकोडचा प्रसार गावोगावी उशिरा का झाला, याच्या थोर कारणांबरोबर ही एक हरवलेली सीडीही लक्षात ठेवावी. २००७ च्या व्हिस्टापासून ही खूण करण्याची गरज संपली.

व्हिस्टाच्या सुमारास पडद्याआड एक मोठा बदल झाला. देवनागरी जोडाक्षरे जुळवण्याचे जुने नियम अपुरे होते. त्यांत टंककाराला मोकळीक कमी होती. नवे नियम आखले गेले. ते सरसकट लागू केले असते तर जुन्या नियमांवर बेतलेले टंक एका रात्रीत मोडले असते, जोडाक्षरे सुटली असती, हलन्त भलतीकडे गेले असते. म्हणून जुन्या नियमांना 'देव' आणि नव्यांना 'देव२' अशा निरनिराळ्या खुणा दिल्या गेल्या. यंत्रणा टंकात आधी 'देव२' शोधते. ती नसेल तर मुकाट्याने जुन्या नियमांनी काम करते. सावध टंककार दोन्ही खुणा ठेवतात. वापरणाऱ्याला यातले काहीच कळत नाही.

मुक्त जगतातील 'हार्फबझ' या अक्षरजुळणी यंत्रणेने तर याही पुढे पाऊल टाकले. (नाव फारसी आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे खुले. निजामाच्या दफ्तरातील मुन्शीला ते लगेच कळले असते.) हार्फबझचे जनक बेहदाद इस्फाहबोद मूळचे इराणी. टंककार आपला टंक विंडोजवर तपासून पाहत, म्हणून विंडोजच्या यंत्रणेतील चुकाही हुबेहूब वठवण्याचा एक पर्याय हार्फबझमध्ये ठेवला गेला. चूक जुनी झाली आणि तिच्यावर लोकांचे काम उभे राहिले की तिलाही एक प्रकारचे वतन मिळते.

२०१२ मध्ये विंडोज ८ आले आणि भारतीय लिप्यांसाठी 'निर्मला' हा नवा टंक मुख्य झाला. २०१५ च्या विंडोज १० मध्ये मंगल मूळ संचातून बाहेर गेला आणि 'देवनागरी पूरक टंक' या ऐच्छिक घटकात जाऊन बसला. संगणकात हिंदी किंवा मराठी भाषा जोडली तर तो सोबत येतो. फक्त इंग्रजीवर चालणाऱ्या संगणकात मंगलमधील जुनी फाइल उघडली तर निर्मला पुढे होते.

अशा वेळी अक्षरांची रुंदी बदलते, ओळी वेगळ्या तुटतात, तक्ता पुढच्या पानावर सरकतो. चौकटी आखलेला अर्ज असेल तर नाव चौकटीबाहेर जाते. पण 'पुसेगाव' हे 'पुसेगाव'च राहते. प, उकार, स, मात्रा, ग, काना, व: योगायोगाने युनिकोडमध्येही सातच चिन्हे, आणि त्यांचे क्रमांक १९९१ मध्ये दिले तेच आहेत.

महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेची प्रमाण रूपे ठरवली, तेव्हाही याच व्यवस्थेचा उपयोग होण्याजोगा होता. देठाचा 'श' आणि पाकळीचा 'ल' ही मराठीची वळणे हिंदीहून निराळी. त्यांना निराळे क्रमांक दिले असते तर पुन्हा एकेका शब्दाचे दोन शब्द झाले असते. तशी गरज नाही. एकाच टंकात दोन्ही वळणे ठेवता येतात आणि मजकुरावर मराठीची खूण असेल तर मराठी वळण पुढे येते. साठवलेले अक्षर तेच राहते.

जून २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्वतंत्र विभाग मिळाला. पुसेगावच्या परिसरातील मोडी कागद कोणी लिप्यंतर न करता जसाच्या तसा टंकित करू म्हणेल, तर त्याला आता कायमचे क्रमांक उपलब्ध आहेत.

कृती देव, श्रीलिपी, आकृती यांतील फाइलींसाठी परिवर्तक साधने आहेत. त्यांना आधी टंक कोणता हे सांगावे लागते. मग ती वेलांटी अक्षरामागे नेतात, रफार जागेवर आणतात आणि बहुतेक मजकूर परत मिळवून देतात. टंकाचे नाव फाइलीत उरले नसेल तर अंदाजाने एकेक टंक लावून पाहावा लागतो. 'आय क्यू एल एस एक्स के ओ' ही सात अक्षरे कृती देव म्हणून वाचली तर पुसेगाव निघते; दुसऱ्या मांडणीच्या टंकाने वाचली तर भलतेच काही निघते. मंगल मात्र आजही परत आणता येतो: सेटिंग्जमध्ये जाऊन ऐच्छिक घटकांच्या यादीतून 'देवनागरी पूरक टंक' निवडायचा आणि उतरवून घ्यायचा. सीडी लागत नाही.